गाडीसाठी घरच्या घरी सबवूफरचा डबा: आधी हवा मोजा, मग लाकूड कापा

माझा पहिला डबा मी अगदी मोजूनमापून बांधला होता. डिकीची लांबी, रुंदी, उंची सगळं वहीत टिपलेलं. दोन दिवस खपून तयार केलेलं ते धूड उचलून गाडीपाशी नेलं आणि ते डिकीच्या तोंडातून आत जाईना. आतली जागा मोजली होती, तोंड मोजायचं राहून गेलं होतं. मग रागारागाने डब्याचा मागचा वरचा भाग तिरका कापला, नवी फळी ठोकली आणि कसाबसा तो आत कोंबला. त्यात बारा लिटर हवा गेली. वाजवून पाहिलं तर प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमत होता, रिकाम्या पिंपावर थापा मारल्यासारखा. वूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) तोच, ॲम्प (त्याला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) तोच. कमी झाली होती ती फक्त हवा.

म्हणून लाकूड, करवत, गोंद या सगळ्याच्या आधी हवेबद्दल बोलू.

डबा नेमकं करतो काय

वूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लहरी खूप लांब असतात. ५० हर्ट्झची एक लहर जवळजवळ ७ मीटरची. त्यामुळे उघड्या वूफरच्या पुढची आणि मागची लहर कडेने वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि आवाज खाऊन टाकतात. वूफर हातात धरून वाजवला तर कोन जिवाच्या आकांताने हलताना दिसतो, पण ऐकू येतो नुसता फडफडाट. डब्याचं पहिलं काम या दोन लहरींना वेगळं ठेवणं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत ओढते. डबा लहान तर स्प्रिंग कडक, डबा मोठा तर स्प्रिंग सैल. घुमणारा, एकसुरी खर्ज हा बहुतेक वेळा फार कडक स्प्रिंगचा परिणाम असतो. आणि डब्याला फट असेल तर ती स्प्रिंगच तुटलेली समजा.

बंद की पोर्टचा?

पोर्टच्या डब्यात एक नळी किंवा लांबट बोगदा असतो. त्यातली हवा एका ठरावीक सुराला स्वतःच डोलू लागते आणि त्या पट्ट्यात वूफरला मदत करते. आवाज मोठा मिळतो, पण डबाही मोठा लागतो. शिवाय त्या सुराच्या खाली गेलं की कोनामागची स्प्रिंग जवळपास नाहीशी होते, कोन मोकाट सुटतो आणि आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने घसरतो. बंद डब्यात ही घसरण १२ डेसिबलची असते.

आता गाडीतली गंमत बघा. आतल्या लांबीच्या दुपटीहून लहर मोठी झाली की बंद गाडीत लहर अशी उरतच नाही, सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होऊ लागतो. आतली लांबी २.५ मीटर धरली तर ३४३ भागिले ५, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झपासून खाली हे सुरू होतं. तिथून खाली आवाज आपोआप वाढत जातो, कागदोपत्री दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. प्रत्यक्षात काचा आणि पत्रा हलतात, फटींतून हवा सुटते, त्यामुळे वाढ कमी मिळते. तरीही बंद डबा खाली जाताना जे गमावतो, त्यातलं बरंचसं गाडी भरून देते. घरात फिका वाटणारा छोटा बंद डबा गाडीत अगदी खोल खर्ज देतो तो यामुळे.

माझं मत सरळ आहे: पहिला डबा बंदच करा. बंद डब्यात दहा टक्के इकडेतिकडे झालं तर कानाला कळत नाही. पोर्टच्या डब्यात तेवढी चूक लगेच बोलते.

वूफरच्या कागदावरचे आकडे

वूफरसोबत एक तक्ता येतो. त्यातले आकडे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली. त्याआधी डबा बांधणं हा बराचसा अंदाजपंचे कारभार होता. आपल्याला त्यातले तीनच आकडे पुरतात.

एफएस म्हणजे डब्याबाहेर मोकळा असताना वूफरचा स्वतःचा सूर. क्यूटीएस म्हणजे कोनाला आवर घालण्याची वूफरची ताकद, आकडा जितका लहान तितका आवर घट्ट. व्हीएएस म्हणजे वूफरच्या स्वतःच्या लवचिकतेइतकी लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये.

डब्यात बसवल्यावर क्यूटीएस वाढतो. त्या वाढलेल्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. तो ०.७०७ आला की आवाज सपाट राहतो, कुठे फुगवटा येत नाही. ०.८ ते ०.९ ला थोडा दणका वाढतो, १ च्या पुढे घुमायला लागतं.

हिशोब असा. क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. व्हीएएसला त्या आकड्याने भागलं की डब्याचं माप लिटरमध्ये मिळतं.

समजा १२ इंची वूफर आहे: एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ५० लिटर. ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७. वर्ग २.४७. वजा एक, १.४७. पन्नास भागिले १.४७, म्हणजे ३४ लिटर. डब्यातला नवा सूर ३० गुणिले १.५७, म्हणजे ४७ हर्ट्झ. झालं गणित. हाच वूफर २० लिटरच्या डब्यात कोंबला तर क्यूटीसी ०.८४ आणि सूर ५६ हर्ट्झवर जातो.

हे ३४ लिटर म्हणजे निव्वळ हवा. वूफरचं चुंबक, चौकट आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या जागा खातात, ती वर धरायची. आपल्या उदाहरणात वूफर २.४ लिटर आणि आधाराची पट्टी पाऊण लिटर. म्हणजे एकूण सव्वासदतीसच्या आसपास, आपण साडेसदतीस लिटर बांधू.

डिकी मोजणं आणि पुठ्ठ्याचा डबा

मोजमापात तोंडाची रुंदी आणि उंची सगळ्यात आधी, हे वेगळं सांगायला नको. मग चाकांच्या फुगवट्यांमधली सगळ्यात अरुंद जागा, मागच्या सीटच्या पाठीचा उतार, आणि डिकीचं झाकण बंद होताना त्याचे दांडे आत कुठपर्यंत येतात ते. स्टेपनी काढता आली पाहिजे, जॅक हाताला लागला पाहिजे. लहान मुलांच्या सीटचा पट्टा अडकवायचे हूक सीटच्या मागे असतील तर तेही मोकळे ठेवा.

मग खोक्याच्या पुठ्ठ्याचा, चिकटपट्टी लावलेला, बाहेरून त्याच मापाचा एक खोटा डबा करा आणि तो आतबाहेर करून पाहा. तासाभराचं काम. मला विचाराल तर या अख्ख्या लेखातली सगळ्यात पैसे वाचवणारी पायरी हीच.

आकार आणि कापायची मापं

सीटची पाठ तिरकी असते, म्हणून मागची फळी तिरकी ठेवली तर डबा सीटला चिकटून बसतो. खाली खोल, वर उथळ. उभ्या आडव्या फळ्यांच्या चौकोनी डब्यापेक्षा एक तिरका काप जास्त, पण जागा वाचते आणि समोरासमोरच्या भिंती समांतर राहत नाहीत, हा वरचा नफा.

आपण आतून रुंदी ४६.४ सेंमी, उंची ३३.४ सेंमी, वरची खोली २०.२ आणि खालची २८.२ सेंमी धरू. सरासरी खोली २४.२. तिन्हींचा गुणाकार ३७,५०० घन सेंमी, म्हणजे साडेसदतीस लिटर. १८ मिमी जाडीच्या फळीत याची कापणी अशी होते:

- पुढची फळी: ५० × ३७ सेंमी, दोन नग (एकावर एक चिकटवायच्या)
- मागची फळी: ५० × ३९ सेंमी, एक नग (थोडी जास्त ठेवली आहे, नंतर रंधा मारून बरोबर करायची)
- वरची फळी: ५० × २०.२ सेंमी
- खालची फळी: ५० × २८.६ सेंमी
- बाजूच्या फळ्या: उंची ३३.४, वर २०.२, खाली २८.२ सेंमी, दोन नग
- आतली पट्टी: ४ × ४ सेंमी जाड, ४६.२ सेंमी लांब

बाजूच्या दोन फळ्या वेगवेगळ्या आखू नका. ४८.७ × ३३.४ सेंमीचा एकच आयत घ्या आणि त्यातून एकच तिरका काप मारा. २०.२ आणि २८.२ मिळून ४८.४ होतात, वरचे ३ मिमी करवतीचं पातं खातं. दोन्ही तुकड्यांचा उतार एकाच कापातून येतो, त्यामुळे तो तंतोतंत जुळतो. एक फिरवून दुसऱ्यावर ठेवा आणि कडेवरून बोट फिरवा, पायरी लागता कामा नये.

वरच्या आणि खालच्या फळीची मागची कड साधारण साडेतेरा अंशात तिरकी कापायची. वरच्या फळीचे २०.२ सेंमी हे खालच्या अंगाला मोजायचे. खालच्या फळीचे २८.६ सेंमीही खालच्याच अंगाला, वरच्या अंगाला ते २८.२ भरतील. कोनात कापायचं साधन नसेल तर दोन्ही फळ्या सरळ कापा आणि कड रंध्याने उतरवा.

खोली तपासायला विसरू नका. वूफरच्या मागे किमान ५ सेंमी मोकळी हवा हवी, विशेषतः चुंबकाला मागून भोक असेल तर. आपला वूफर १५ सेंमी खोल आहे आणि त्यातले ३.६ सेंमी पुढच्या दुहेरी फळीत जातात. मागची पट्टी धरूनही पावणेनऊ सेंमी उरतात.

इथे एक कबुली. पुढच्या दुहेरी फळीत २८ सेंमी व्यासाचं भोक पाडलं की त्या भोकाचीच हवा २.२ लिटर भरते. वूफरच्या २.४ लिटरमध्ये चौकटीचा तेवढा भाग धरलेला असतो, म्हणजे आपण तो दोनदा वजा केला. त्यामुळे खरी हवा साडेछत्तीस लिटरच्या आसपास निघते. क्यूटीसी ०.६९, सूर ४६ हर्ट्झ. बंद डबा चुका पोटात घालतो म्हणतात ते हे असं.

पोर्टचाच हवा असेल तर

त्याच वूफरसाठी ५५ लिटर आणि ३५ हर्ट्झ असा सूर ठरवला. गोल नळीच्या लांबीचा हिशोब: २३५६२.५ ला नळीच्या व्यासाच्या वर्गाने गुणा, सुराचा वर्ग गुणिले लिटर याने भागा, आणि उत्तरातून व्यासाचे ०.७३२ पट वजा करा. मापं सेंमीमध्ये. १० सेंमी व्यासाची नळी घेतली तर लांबी पावणेअठ्ठावीस सेंमी येते.

आता तुम्ही म्हणाल, बसली की! पण १२ इंची वूफर जोरात वाजला की तेवढ्या नळीतून हवा फुसफुसायला लागते. वारा सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर बरं, असा एक ठोकताळा आहे. तो पाळायचा तर नळीचं तोंड जवळपास दुप्पट हवं. तोंड दुप्पट झालं की लांबीही जवळपास दुप्पट, आणि मग नळी डब्यात वळवून घ्यावी लागते. तिची जागा पुन्हा ५५ लिटरच्या वर धरायची. शिवाय ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) हवाच, सुराच्या थोडा खाली लावलेला. इतकं सगळं करायची तयारी असेल तर पोर्ट जरूर करा, आवाज खरंच मोठा मिळतो.

लाकूड आणि कापणं

१८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या बारीक धाग्यांची दाबून केलेली फळी) घ्या किंवा तेवढ्याच जाडीचा चांगला प्लायवूड. एमडीएफ जड आणि एकजीव असतो, कड स्वच्छ कापली जाते. प्लाय हलका असतो आणि ओल जास्त सोसतो. भुश्याचे साधे पार्टिकल बोर्ड नकोत, त्यांत स्क्रू धरत नाहीत. एमडीएफची धूळ मात्र पिठापेक्षा बारीक असते आणि त्यात राळेचं रसायन असतं. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. एन ९५ दर्जाचा मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि काम शक्यतो उघड्यावर.

मोठे सरळ काप लाकूड विकणाऱ्याकडूनच मोठ्या मशीनवर मारून घ्या. घरी हातातल्या मशीनने ५० सेंमी सरळ कापणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि दोन मिमीचा बाक पुढे फट होऊन बसतो.

वूफरच्या भोकाचा व्यास तक्त्यात दिलेला असतो. चौकटीचा बाहेरचा व्यास आणि भोकाचा व्यास यांत गफलत करू नका. राऊटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि त्याची गोल फिरणारी पट्टी असेल तर उत्तम. जिग सॉ (उभ्या, अरुंद पात्याची विजेची करवत) असेल तर रेषेच्या आतल्या अंगाला १० मिमीचं भोक पाडून तिथून पातं घाला आणि सावकाश फिरवा. दोन फळ्या आधी चिकटवून ३६ मिमीमध्ये एकदम भोक पाडायचा मोह होतो. तसं करू नका. जाड लाकडात जिग सॉचं पातं खाली वाकतं, वरून गोल दिसणारं भोक मागून अंडाकृती निघतं. एकेक फळी वेगळी कापा, मग जुळवून कानस मारा.

जोडणी

गोंद लावायच्या आधी सगळ्या फळ्या कोरड्याच उभ्या करून पाहा. गुण्या लावून काटकोन बघा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले पाहिजेत. जुळणाऱ्या कडांवर पेन्सिलने अ-अ, ब-ब अशा खुणा करा. हात गोंदाने माखल्यावर कुठली फळी कुठे ते आठवत नाही.

क्रम असा: आधी बाजूच्या दोन फळ्या वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये. मग या चौकटीवर पुढची पहिली फळी. ४ मिमी जाडीचे, ४५ मिमी लांबीचे स्क्रू, दर १५ ते २० सेंमीवर एक. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घातला तर ती पुस्तकाच्या पानांसारखी उलगडते. म्हणून ३ मिमीचं पायलट होल, म्हणजे स्क्रूला वाट करून देणारं भोक, आधी, आणि ते कडेपासून बरोबर ९ मिमीवर, म्हणजे जाडीच्या मध्यावर. कोपऱ्यापासून ५ सेंमीच्या आत स्क्रू नको. डोकं आत बुडेल असा खड्डा करा.

ताकद स्क्रूची नसते, पांढऱ्या लाकडी गोंदाची असते. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत फळ्या दाबून धरतात. एमडीएफची कापलेली कड गोंद पिऊन टाकते, म्हणून कडेला आधी पातळ हात मारा, पाच मिनिटांनी दुसरा. घट्ट केल्यावर सांध्यातून गोंदाचे मणी सलग बाहेर आले पाहिजेत. जिथे मणी नाहीत तिथे उद्याची फट आहे.

मागच्या फळीवर आतून मधोमध ती ४ सेंमीची पट्टी आडवी चिकटवा. मोठी सपाट फळी हाताच्या तळव्याने ठोकली की ढोलासारखी बोलते, पट्टी लावल्यावर तोच ठोका मुका होतो. ठोकून बघाच, फरक कानाला लगेच कळतो. मागची फळी बसवल्यावर बाजूच्या फळ्यांतून पट्टीच्या दोन्ही टोकांत एकेक स्क्रू घाला. शेवटी पुढची दुसरी फळी भरपूर गोंद लावून, ३० मिमीच्या स्क्रूंनी. ३० मिमी यासाठी की टोक ३६ मिमीच्या पलीकडे निघत नाही.

गोंद पूर्ण वाळायला २४ तास द्या. मग वूफरच्या भोकातून हात घालून आतल्या प्रत्येक सांध्यावर सीलंटचा धागा फिरवा आणि बोटाने दाबा. ॲक्रिलिक किंवा न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्लाची वाफ सोडतं, आणि ती बंद डब्यात वूफरच्या धातूला व चिकटवलेल्या भागांना बाधते. कुठलंही वापरलंत तरी आणखी एक दिवस वूफर बसवू नका.

तारेच्या टर्मिनलसाठी मिळणारी प्लास्टिकची वाटी ही फटीची आवडती जागा. माझ्या दुसऱ्या डब्यातून एक बारीक शिट्टी यायची. तीन संध्याकाळी सांधे शोधण्यात घालवल्यावर कळलं की शिट्टी वाटीच्या मधल्या जोडातून येत होती. तेव्हापासून मी वाटी लावत नाही. फळीला दोन भोकं, त्यांतून पितळी बोल्ट, आतबाहेर वायसर आणि सीलंट.

कापूस, वूफर आणि फटीची परीक्षा

उशीत भरतात तो पॉलिस्टरचा धागा डब्यात सैलसर भरला तर हवा दाबल्यावर निर्माण होणारी उष्णता तो शोषून घेतो आणि डबा आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो, व्यवहारात दहा ते वीस टक्क्यांनी. लिटरला ८ ते १६ ग्रॅम पुरे, आपल्या डब्याला साधारण ३०० ते ६०० ग्रॅम. ठासून भरू नका आणि चुंबकाच्या भोकासमोर येऊ देऊ नका. डबा हिशोबाप्रमाणे झाला असेल तर हे केलंच पाहिजे असं नाही.

वूफरच्या चौकटीखाली फोमची पट्टी चिकटवा. स्क्रू हातानेच, समोरासमोरचे आळीपाळीने, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. ड्रिल मशीनने आवळताना बिट घसरून कोनात घुसलेला मी पाहिला आहे. तो आवाज विसरता येत नाही.

आता दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हळूच, सरळ आत दाबा आणि सोडा. बाहेर यायला त्याने किंचित वेळ घेतला तर डबा बंद आहे. चटकन उसळून आला तर फट आहे. ती शोधायला २५ हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि ओलं बोट सांध्यांवरून फिरवा. फुंकर बोटाला लगेच जाणवते.

हौस असेल तर डब्याचा खरा सूरही मोजता येतो. ॲम्प आणि वूफरच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर जोडा, अगदी हळू आवाजात ३० ते ७० हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवा आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा. जिथे आकडा सर्वांत वर जातो तो डब्याचा सूर. ४६ च्या ऐवजी ५५ आला तर हवा कमी पडली आहे.

बाहेरून कार्पेट लावणं सगळ्यात सोपं. चिकटद्रव डब्याला आणि कार्पेटला दोन्हीकडे लावा, हाताला चिकटेनासा झाला की बसवा. रंग द्यायचा असेल तर एमडीएफच्या कडा आधी पुट्टीने बंद करा, नाहीतर त्या रंग पीतच राहतात.

तारा आणि गेन

४०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद) क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर तो बॅटरीकडून ५०० वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर ओढतो. त्यासाठी ५० अँपिअरचा फ्यूज आणि २० चौरस मिमीच्या आसपासची शुद्ध तांब्याची तार. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर एक माप मोठी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, मधली तार पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवा. अर्थिंगची तार आखूड, आणि जिथे बसवायची तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. आरसीए केबल (प्लेअरपासून ॲम्पपर्यंत आवाजाचा संकेत नेणारी) पॉवरच्या तारेच्या विरुद्ध बाजूने न्या.

वूफरला दोन कॉइल (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) असतील तर जोडणीआधी ओहम मोजा. दोन ओहमच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडल्या तर चार ओहम, समांतर जोडल्या तर एक. ॲम्पला एक ओहम झेपत नसेल तर तो तापून बंद पडेल, किंवा कायमचा शांत होईल.

गेनची खुंटी म्हणजे आवाजाची खुंटी नव्हे, येणारा संकेत ॲम्पने किती वाढवायचा ते ती ठरवते. वूफर सोडवून ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, प्लेअरचा आवाज तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा सूर लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ४०० वॉट आणि ४ ओहमला ४० व्होल्ट. ॲम्पच्या टोकांवर मल्टिमीटर ४० दाखवेपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. लो पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झला लावून सुरुवात करा. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि कुणाला तरी फेजचं (कोनाची पुढेमागे चाल उलटवणारं) बटण उलटसुलट करायला सांगा. ज्या बाजूला ठोका भरीव लागतो ती बाजू बरोबर.

बांधून ठेवा

एमडीएफ आणि वूफर मिळून हा डबा १९ किलोच्या आसपास भरतो. २० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) धडकेत तो ३८० किलोसारखा सीटच्या पाठीवर आदळेल. नुसता कार्पेटवर टेकवून ठेवलेला डबा म्हणूनच मला बघवत नाही. कोनाच्या पट्ट्या आणि बोल्ट, किंवा गाडीच्या मूळ हुकांना ताणून बांधलेले पट्टे. पत्र्याला भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली झोपून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यातलं काहीतरी नेमकं तिथेच असतं.

डबा कुठल्या तोंडाने ठेवायचा यावर वाद घालण्यापेक्षा बोल्ट आवळण्याआधी फिरवून ऐका. वूफर मागे तोंड करून बहुतेक गाड्यांत बरा वाजतो, सगळ्याच गाड्यांत नाही.

आणि पहिल्यांदा आवाज वाढवल्यावर जी खरखर ऐकू येईल, तिच्यासाठी डबा पुन्हा उघडायला घेऊ नका. बाहेर उतरून नंबर प्लेटवर हात ठेवा. थांबली? मग मागे फोमची एक पट्टी लावा आणि पुढच्या खरखरीकडे वळा.